उरलेल्या कोंबडीची कुळकथा

मराठी भाषेने शिल्लक अन्नाची फार बारकाईने वर्गवारी केली आहे. वाढून झाल्यावर पातेल्यात राहिले ते ‘उरलेले’, ज्यावरून रात्र गेली ते ‘शिळे’, ज्याला कोणाचे तोंड लागले ते ‘उष्टे’ आणि ताटाला चिकटून राहिले ते ‘खरकटे’. या चार शब्दांमधील अंतर केवळ स्वयंपाकघरातले नाही. कोणी रांधले, कोणी आधी खाल्ले आणि कोणाच्या वाट्याला काय आले, याची सारी सामाजिक नोंद त्यांत आहे. या लेखात विचार करावयाचा आहे तो पहिल्या दोन शब्दांचा, आणि तोही एका विशिष्ट पदार्थाच्या संदर्भात: शिजवून उरलेल्या कोंबडीच्या.

आज कोंबडी ही मांसाहारातील अगदी सामान्य गोष्ट झाली आहे. त्यामुळे ती एकेकाळी किती मोलाची होती हे तरुण वाचकांना सांगूनही पटत नाही. अंडी देणारी कोंबडी कापणे म्हणजे घरचे उत्पन्न कापणे. पाहुणा, आजारी माणूस, बाळंतीण किंवा गावचा सण, एवढीच तिची निमित्ते. फ्रान्समध्ये चौथा हेन्री (राज्यकाल 1589 ते 1610) याच्याविषयी आख्यायिका आहे, की राज्यातील प्रत्येक शेतकऱ्याच्या भांड्यात रविवारी कोंबडी शिजावी अशी त्याची इच्छा होती. राजाने इच्छा धरावी इतकी ती दुर्मीळ होती, हे लक्षात घ्यावे. 1928 साली अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाच्या निवडणूक जाहिरातीतही भांड्यातली हीच कोंबडी समृद्धीची खूण म्हणून पुन्हा अवतरली. अशी मोलाची वस्तू उरली तर टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता.

माझ्या लहानपणी सणाच्या रात्री पंगत उठली, की आई कोंबडीच्या पातेल्याला पुन्हा एक उकळी फोडी आणि मुंग्या लागू नयेत म्हणून ते परातीतल्या पाण्यात ठेवी. शीतकपाट आमच्या आळीत कोणाकडेच नव्हते. दुसऱ्या दिवशी हाडांवरचे मांस हाताने सोडवून ती त्यात कांदा, हिरवी मिरची, उकडलेला बटाटा आणि सिरक्याचे चार थेंब घाली व रव्यात घोळवून कटलेस तळी. त्या एका वाटीभर मांसात आम्ही आठजण जेवत असू. खरे सांगायचे तर सणाच्या जेवणापेक्षा आम्हां मुलांना त्या कटलेसांचीच ओढ अधिक असे.

कॅथलिक घरांत या काटकसरीला पंचांगाचीही एक बाजू होती. शुक्रवारी मांस वर्ज्य असे. 1966 साली पोप पॉल सहावे यांनी या नियमात पर्याय देण्याचा अधिकार बिशप परिषदांना दिला. तोवर गुरुवारी रात्री उरलेले मांस म्हणजे गृहिणीपुढील एक पेच होता: ते त्याच रात्री संपवावे, नाहीतर शनिवारपर्यंत टिकवावे. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी तर घरातले सारेच मांस संपवणे भाग पडे. आंबटात मुरवून मांस टिकवण्याची विद्या पोर्तुगीजांबरोबर या किनाऱ्यावर आली. आपले ‘इंद्याल’ हे नाव ज्या पोर्तुगीज शब्दांवरून आले, त्यांचा रोख द्राक्षासव आणि लसूण यांत मुरवण्याकडेच आहे.

इंग्रजांचे वेळापत्रक वेगळे होते. रविवारी भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा आणि सोमवारी कपडे धुण्याचा दिवस, त्यामुळे सोमवारी थंड मांस व मंगळवारी त्याचेच काहीतरी बारीक चिरून केलेले, अशी त्यांच्या मध्यमवर्गीय घरातील रीत होती. ती रीत त्यांनी हिंदुस्थानच्या उष्म्यातही सोडली नाही. मद्रास येथे 1878 साली कर्नल केनी-हर्बर्ट यांनी ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने साहेबांच्या स्वयंपाकावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पुन्हा गरम करून वाढावयाच्या पदार्थांना स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. आज उपाहारगृहांतून ऐटीत मिळणारी ‘जालफ्रेझी’ ही याच परंपरेतली. आदल्या दिवशीच्या भाजलेल्या मांसाचे तुकडे कांदा आणि मिरचीवर परतणे, एवढेच तिचे मूळ रूप. बंगालीत ‘झाल’ म्हणजे तिखट. त्या तिखटाने शिळेपणा झाकला जाई आणि साहेबाची रसनाही तृप्त होई. ही युक्ती प्रथम ज्या खानसाम्याने केली, त्याचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही. ग्रंथ साहेबाच्या नावावर निघाला आणि कढई खानसाम्याच्या हातात राहिली.

येथे एका गोष्टीची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. स्वतःच्या घरचे उरलेले स्वतःच्या हाताने नवे करून खाणे वेगळे आणि दुसऱ्याने टाकलेले खावे लागणे वेगळे. महाराष्ट्रात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या पदरी शतकानुशतके हे दुसरे आले. 1927 साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत जनावरांचे मांस व टाकलेले उष्टे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले. तेव्हा काटकसरीचे गोडवे गाताना आपण कोणत्या पातेल्याविषयी बोलत आहोत, हे लेखकाने स्वतःशी स्पष्ट ठेवले पाहिजे. आईच्या कटलेसांना जी गोडी होती, ती पातेले आमचे होते म्हणून.

आता या कुळातील सर्वांत प्रख्यात अपत्याकडे वळू. पेशावरमध्ये ‘मोती महल’ नावाचे एक खाद्यगृह होते. 1947 च्या फाळणीत तेथून निर्वासित होऊन आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी यांनी आणखी एका भागीदारासह दिल्लीच्या दर्यागंजमध्ये त्याच नावाने नवे खाद्यगृह काढले. तंदूरमध्ये भाजलेली कोंबडी ही तेथील खासियत. परंतु तंदूरची धग कोरडी असते आणि कोंबडीची कातडी काढलेली. गरम असताना रसाळ लागणारे हे मांस तासा-दोन तासांत दोरीसारखे होते. न खपलेल्या कोंबडीचे करायचे काय, हा प्रत्येक रात्रीचा प्रश्न होता. आणि घरदार सोडून आलेल्या माणसांना माल फेकून देणे परवडणारे नव्हते. टोमॅटो, लोणी आणि साय यांच्या रश्श्यात ते तुकडे सोडले, की टोमॅटोचा आंबटपणा व लोण्याची स्निग्धता मांसाला पुन्हा मऊपण देते. हाच तो ‘मुर्ग मखनी’, म्हणजे बटर चिकन.

हा प्रथम कोणाला सुचला? गुजराल कुटुंब म्हणते, कुंदनलाल गुजराल यांना, आणि तोही 1930 च्या दशकात पेशावरमध्येच. जग्गी कुटुंबाचे सांगणे असे, की दिल्लीत एका रात्री उशिरा मोठा गट जेवायला आला, कोंबड्या थोड्याच शिल्लक होत्या, तेव्हा कुंदनलाल जग्गी यांनी रस्सा करून त्या पुरवल्या. 2024 च्या जानेवारीत हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. गुजराल पक्षाचा दावा 2,752 पृष्ठांचा होता आणि मागितलेली भरपाई सुमारे 2,40,000 अमेरिकी डॉलर. उरलेली कोंबडी वाया जाऊ नये म्हणून केलेल्या रश्श्यासाठी एवढा कागद! हसू येते; पण मला त्यात थोडा न्यायही दिसतो. खानसाम्याला जे कधी मिळाले नाही, ते नाव निदान येथे कोणीतरी मागत आहे. दोन्ही कुंदनलाल मात्र ते ऐकायला हयात नव्हते.

दर्यागंजच्या त्या रात्रींनंतर चित्र पालटत गेले. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज ही संस्था स्थापन केली. पुढे तिच्यामुळे पुणे हे देशातील कुक्कुटपालनाचे एक मोठे केंद्र बनले. सहा-सात आठवड्यांत कापणीला येणारी पांढरी ब्रॉयलर कोंबडी गावोगावच्या बाजारात पोचली आणि सणाची वस्तू बुधवारची भाजी झाली. त्याचा एक विचित्र परिणाम असा, की आता बटर चिकन करण्यासाठी कोंबडी उरावी लागत नाही. ती मुद्दाम ताजी आणून, मुरवून, भाजून मग रश्श्यात टाकतात. आमच्या घरीही कटलेसांसाठी आता सकाळी अर्धा किलो बिनहाडाचे मांस येते. परवा सुनेने ते उकडायला ठेवले तेव्हा मी म्हणालो, रात्रीचे थोडे होते ना फ्रीजमध्ये? ती म्हणाली, “बाबा, ते कालचं आहे.”