नाशिकला मुक्काम कुठे?

‘शनिवार-रविवार नाशिकला जायचंय. कुठे राहू, काय बघू?’ हिवाळा लागला की असे मेसेज मला यायला लागतात. नाशिकची असल्याचा हा कर म्हणा. विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा तीनच गोष्टी हव्या असतात: वाइनरी, मिसळ आणि फोटोत बरं दिसेल असं हॉटेल. तिन्हींची यादी मी देते. पण त्याआधी एक अट घालते. शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत पांडवलेणी चढायची आणि दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत दहा मिनिटं उभं राहायचं.

कारण नाशिकला मुक्काम कुठे, या प्रश्नाचं एक फार जुनं लेखी उत्तर त्या भिंतीवर आहे.

लेणी मुंबई-आग्रा हायवेला लागूनच, त्रिरश्मी डोंगरावर. पांडवांचा इथे काही संबंध नाही. ही बौद्ध भिक्षूंची लेणी. दहाव्या लेण्यातले लेख उषवदाताचे आहेत. उषवदात म्हणजे शक क्षत्रप नहपानाचा जावई, काळ साधारण इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक. सासऱ्याचं राज्य, जावयाचा दानधर्म. त्यानं काय काय दिलं याची लांबलचक यादी तिथे कोरलेली आहे. गायी, गावं, सोनं हे सगळं आहेच. पण माझी नजर अडकते ती पुढच्या ओळींवर. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी त्यानं चौसोपी विश्रामगृहं बांधली. म्हणजे आजचं भरूच, मंदसौर, नाशिकजवळचं गोवर्धन आणि आपलं नालासोपारा. विहिरी खोदल्या, तळी केली, बागा लावल्या. तापी, दमण, पारदा अशा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर बसायला मंडप आणि प्यायला पाणपोया केल्या.

ही नावं नकाशावर टाकून बघा. सोपारा आणि भरूच ही बंदरं. तिथून माल उतरून घाट चढायचा आणि आत देशावर यायचा. गोवर्धन ही घाट चढून आल्यावरची पेठ. दमलेला व्यापारी, बैल आणि भिक्षू, तिघांनाही इथे टेकायला जागा हवी होती. पुण्य तर होतंच, पण ज्या वाटेनं जकात येते त्या वाटेची ही निगासुद्धा होती. आजच्या भाषेत सांगायचं तर उषवदातानं टुरिझम पॉलिसीच कोरून ठेवली.

आणि खर्च कोण करणार? तेही लिहिलंय, आणि हा हिशेब मला फार आवडतो. लेणं भिक्षूंना दिलं, तेव्हा सोबत ३००० कार्षापण दिले. पण भिक्षूंच्या हातात नाही, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा १ व्याजानं. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच वापरायचं. आता मोबाइलवर करून बघा: २००० वर महिना २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. बरोबर २४०. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९० उरतात, ते त्यांच्या किरकोळ खर्चाला. हा व्यवहार नगरसभेत जाहीर करून फलकावर नोंदवला होता. थोडक्यात, भिक्षू डोंगरावर ध्यान करत होते तेव्हा खाली गावात कोणीतरी मागावर बसून त्यांच्या राहण्याचा खर्च विणत होतं. त्या विणकरांपैकी एकाचंही नाव लेखात नाही. राजाच्या जावयाचं मात्र आहे.

(पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. शेजारच्या तीन नंबरच्या लेण्यात त्याचे आणि त्याच्या आईचे, गौतमी बलश्रीचे लेख आहेत. तेही बघा. पण तो विषय वेगळा.)

खाली उतरलात की मिसळ खा. कुठली चांगली यावरून घराघरात भांडणं आहेत, मी त्यात पडत नाही. मग पंचवटी.

पंचवटीत मुक्कामाची दुसरी रीत दिसते. तीर्थोपाध्यायांचे जुने वाडे अजून काही उभे आहेत. पूर्वी यात्रेकरू हॉटेल शोधत नसे, आपला उपाध्याय शोधत असे. गाव सांगायचं, आडनाव सांगायचं, की कोणाचे यजमान ते ठरे. उपाध्यायाच्याच वाड्यात राहायचं, त्याच्याकडे जेवायचं आणि जाताना त्याच्या वहीत नाव लिहायचं. या वह्या, म्हणजे नामावळी, पिढ्यानपिढ्या जपलेल्या आहेत. तुमचे पणजोबा गोदावरीवर येऊन गेले असतील, तर त्यांचं हस्ताक्षर किंवा अंगठा मिळू शकतो. हॉटेलच्या रजिस्टरला हे कधी जमणार नाही.

पण ही सोय उघड्या दाराची नव्हती. वही गाव आणि जात यांवर चालायची. धर्मशाळाही बऱ्याचशा तशाच, या समाजाची ही, त्या समाजाची ती. ज्यांची धर्मशाळा नाही, ज्यांना उपाध्याय दारात घेत नाही, त्यांनी कुठे टेकायचं?

हा प्रश्न नाशिकमध्येच रस्त्यावर आला. सरदार ओढेकरांनी पेशवाईच्या उत्तरार्धात बांधलेलं काळाराम मंदिर पंचवटीत आहे, दगडी, देखणं, प्रशस्त आवाराचं. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष मिरवणुकीनं या दारांपर्यंत आले. दारं बंद होती. मग सत्याग्रही दारांसमोरच बसले. नाशिकचे भाऊराव म्हणजे दादासाहेब गायकवाड हा लढा चालवण्यात पुढे होते. रामनवमीच्या रथाच्या वेळी मारामारी, दगडफेक झाली. सत्याग्रह अधूनमधून थांबत काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, की आपण हिंदू म्हणून मरणार नाही.

देवळाचं दार आणि मुक्कामाचं दार वेगळं, असं वाटू शकतं. बाबासाहेबांना ते वेगळं वाटायचं कारण नव्हतं. बडोद्यात नोकरीला गेले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नव्हती. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले, आणि काही दिवसांत काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. परदेशात शिकून आलेला माणूस संध्याकाळी सामान घेऊन रस्त्यावर. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

म्हणून संविधानाचं कलम १५, त्याचा दुसरा भाग, मला प्रवाशांचं कलम वाटतं. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांपासून अडवता येणार नाही, असं ते सांगतं. नाशिकला दोन दिवसांत तुम्ही जिथे जिथे जाल, त्याची ही जवळजवळ पूर्ण यादी आहे. ‘पैसे भरा, खोली घ्या’ हा साधा व्यवहार आपल्याला रुक्ष वाटतो. वहीत जात न विचारता मिळणारी खोली ही या गावाच्या दोन हजार वर्षांत अगदी ताजी गोष्ट आहे.

ताजी आणि अजून अर्धवट. दोन वर्षांपूर्वी माझ्या मैत्रिणीसाठी गंगापूर रोडच्या बाजूला मी एक होमस्टे बघत होते. फोनवर तारीख ठरली, पैसे ठरले, आणि मग गोड आवाजात प्रश्न आला, ‘आडनाव काय म्हणालात?’ सांगितल्यावर तारीख अचानक भरलेली निघाली. ‘लोकल आयडी चालणार नाही’, ‘लग्नाचा पुरावा आणा’ हे तर तुम्हीही ऐकलं असेल. तेव्हा टिप अशी: बुकिंगच्या आधीच हॉटेलचे नियम लेखी मागा. उडवाउडवी झाली तर दुसरं हॉटेल बघा, या शहरात हॉटेलांना तोटा नाही.

आता रविवार, वाइन. गंगापूर रोडनं पश्चिमेला निघालात की गोवर्धन नावाचं गाव लागतं. अभ्यासक उषवदाताचं गोवर्धन याच परिसरात मानतात. त्याच पट्ट्यात आज टेस्टिंग रूम आणि द्राक्षबागेतली रिसॉर्टं आहेत. विश्रामगृहांनी जागा फारशी बदललेली नाही, असं म्हणायला हरकत नाही.

वाइनची गोष्ट मात्र अगदी अलीकडची. नाशिकची द्राक्षं आधी खायची द्राक्षं. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, त्यांनी घरच्या जमिनीवर वाइनची द्राक्षं लावली आणि १९९९ मध्ये सुला सुरू झाली. नाव आईच्या, सुलभाच्या नावावरून. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं. २००५ मध्ये सुलानं टेस्टिंग रूम उघडली आणि मुंबईकरांना शनिवार-रविवार घालवायची नवी जागा मिळाली. जायचं तर जानेवारी ते मार्चमध्ये, तेव्हा काढणी चालू असते. पावसाळ्यात हिरवं दिसतं, पण वेलींवर घड नसतात. गाडी चालवणाऱ्यानं चाखायचं नाही, सरळ ड्रायव्हर करा. आणि २१ पूर्ण नसतील तर आयडी पुढे करून हुज्जत घालू नका.

टूरवर गाइड ओक बॅरल दाखवतो, ग्लास कसा फिरवायचा ते सांगतो. तुम्ही त्याला एक प्रश्न विचारा: द्राक्षं कोणाची? वाइनरीच्या स्वतःच्या बागा असतात, पण बरीच द्राक्षं करारावरच्या शेतकऱ्यांची असतात. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. ते बाजारात खायला विकलं जात नाही, थॉम्पसनसारखा त्याचा बेदाणाही होत नाही. म्हणजे वाइनरीनं घेतलं तरच ते विकलं जाणार. २००८-०९ च्या मंदीत हे अंगावर आलं. धोरणाच्या भरवशावर ज्यांनी वाइनच्या बागा लावल्या होत्या, त्यांच्यातल्या अनेकांना गिऱ्हाईक उरलं नाही. भाव कोसळले, बागा उपटल्या गेल्या. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं तेव्हा शेतकऱ्याच्या फायद्याचं कारण दिलं गेलं. विरोधकांनी संस्कृतीचं दिलं. चर्चा तापली, निर्णय रखडला. त्या गोंगाटात उपटलेल्या बागांचा विषय मी फारसा ऐकला नाही.

विणकरांच्या श्रेणीसारखं इथेही आहे. तुमच्या टेबलावरच्या ग्लासमागे एप्रिलची खरड छाटणी असते, ऑक्टोबरची गोडी छाटणी असते, विरळणी असते. यातलं पुष्कळ काम पेठ आणि सुरगाण्याकडून येणाऱ्या आदिवासी मजुरांच्या टोळ्या करतात. हंगामात नाशिककडे येणाऱ्या जीपा बघा, मागे भांडी, गोधड्या आणि मुलं असतात. दिंडोरीच्या बाजूला रस्त्यावरून जाताना बागेच्या कडेला ताडपत्रीची पालं दिसतील. ते त्यांचे मुक्काम. एक गट काम उरकून निघाला होता, तेव्हा मी त्यांच्यातल्या एका मावशींना विचारलं, आता कुठे जाणार? ‘पुढच्या बागेत,’ त्या म्हणाल्या. ‘मालक पाणी देतो का बघायचं आधी.’