वाड्याबाहेरची सुट्टी

तुम्ही कराडला उतरता ती तारीख 26 डिसेंबर 1967, वार मंगळवार. पुण्याला मोठी गाडी सोडून मीटरगेजच्या गाडीत बसलात, तेव्हापासून समोरच्या बाकावरचे नाना बोलतच आहेत. लालबागला खोली, गिरणीत साच्यावर काम. शेजारी नानी, चार पोरं, पत्र्याची ट्रंक आणि मांडीवर नवाकोरा ट्रान्झिस्टर, जो ते कुणाच्याही हातात देत नाहीत. पोरांना नाताळची सुट्टी लागली आहे. नानांनी रजा टाकली आहे. "तशी मधी आम्हालाबी सुट्टी मिळाली," ते सांगतात, "आमच्याच नदीनं दिली."

11 तारखेच्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगरला धरणीकंप झाला. वीजघर बंद पडलं, आणि त्या विजेवर चालणाऱ्या मुंबईतल्या गिरण्या थंडावल्या. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, पुष्कळशी अंथरुणातच. नानांचं गाव त्याच कोयना नदीच्या काठी, पाटणच्या अलीकडे. तिथं विजेचा खांब अजून आलेला नाही.

एस.टी. पाटणच्या रस्त्याला लागते. उसाचे फड उभे आहेत, शाळू निसवायला लागलाय, सगळं नेहमीसारखं. मग एखादं घर दिसतं, छप्पर जागेवर पण एक बाजू उघडी. जसजसे पश्चिमेला जाता तसतशी ती घरं वाढत जातात. पोरं आधी मोजतात, मग मोजायचं सोडून देतात.

नानांचा वाडाही तसाच. सागवानी खांब आणि तुळया ठाम उभ्या, निम्मी कौलं वर शिल्लक, भिंती मात्र बाहेरच्या अंगाला आडव्या झाल्यात. रस्त्यावरून सरळ देवघर दिसतं. नानी ते बघून पदर डोक्यावर ओढून घेते.

माणसं वाड्यासमोरच्या खळ्यावर राहायला आली आहेत. बांबू रोवून, वर उसाचं पाचट घालून मांडव केलाय. ताडपत्री एकच होती, ती बाळंतिणीच्या बाजेवर ताणली आहे. आबा, आजी, आबांची विधवा बहीण, चार मुलगे, चार सुना, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आणि पोरासोरांचा असा घोळका की कोण कुणाचं हे त्यांच्या आयांनाही नाकं पुसताना कळत असावं. तुम्ही काय सांगायचं याची मनाशी तयारी करता. आजी डोळे बारीक करून बघते, "कुणाकडचं म्हनायचं?" विचारते, आणि उत्तर यायच्या आत पाण्याचा तांब्या पुढे करते. "पाय धुवा आदी. कुणाकडचं का असंना."

एवढ्यानं तुम्ही घरचे झालात. थोरली सून तुमच्यासमोर पावट्याची टोपली ठेवते.

इथं एक सांगून टाकतो. मोठ्या कुटुंबाला गोकुळ म्हणायची आपल्याकडे फार हौस. पण त्या गोकुळात कुणी कुठं बसायचं, कुठून जायचं, कुणासमोर यायचं नाही, हे सगळं भिंतींनी ठरवलेलं असतं. सोप्यावर आबा. माजघरात आजी. सुनांची ये-जा परसदारानं. थोरल्या दिरासमोर मधली येत नाही, आणि आबांसमोर तर चारही सुनांनी कधी तोंड उघडलेलं नाही. हे जमतं कारण मधे दोन हात जाडीची भिंत असते. आता भिंत दगडमातीचा ढीग होऊन पडली आहे आणि घरातली सव्वीस माणसं एका खळ्यावर एकमेकांना दिसतात, ऐकू येतात. आबांचं घोरणं धाकटीला पहिल्यांदाच कळलं. थोरले आपल्या बायकोला नावानं हाक मारतात हे सगळ्या घरालाच पहिल्यांदा कळलं. थोरली अजून लाजते आहे.

दिवस मावळताच मांडवाच्या मेढीला प्रभाकर कंदील टांगतात. तो ओगलेवाडीचाच, तुम्ही उतरलात ते कराड स्टेशन आहे तिथला. नाना ट्रान्झिस्टर लावतात. पुणे केंद्राच्या बातम्या ऐकायला शेजारपाजारचीही माणसं खळ्यावर जमतात, आणि बातम्या संपल्या की आबांची सुरू होतात. कोयनेचं धरण भरायला लागल्यापासून, म्हणजे बासष्ट सालापासून, जमिनीच्या पोटात आवाज येतो हे ते सांगत होते, कुणी ऐकलं नाही. सप्टेंबरात एक चांगला दणका बसला, तेव्हाही कुणी ऐकलं नाही. एवढं पाणी एका जागी कोंडल्यावर त्याचं वजन कुठंतरी लागणारच. नानांना हे पटत नाही, धरणानं कंप कसा होईल? "एकशेतीन मीटर उंचीची भिंत हाय ती," ते म्हणतात, "चिरा गेल्या, पन पडली न्हाई." "आपली पडली," आबा म्हणतात. योगायोगानं, शिकलेसवरलेले भूगर्भशास्त्रज्ञही पुढची कैक वर्षं ह्याच मुद्द्यावर वाद घालणार आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं मत आबांच्या बाजूला झुकणार आहे. हे तुम्हाला माहीत आहे. सांगू नका, आबा आधीच कमी बोलत नाहीत.

जेवण होतं ते पंगतीपंगतीनं. शाळूची भाकरी, पावट्याचं कोरड्यास, खरडा, वर थेंबभर तेल. सुना सगळ्यात शेवटी बसतात, आणि त्यांच्या पंगतीला कोरड्यासात पाणी वाढलेलं असतं. तुम्ही दुसऱ्या पंगतीला होतात म्हणून तुम्हाला पावटा मिळाला.

मग अंथरुणं. पुरुष गोठ्याच्या अंगाला, बायका चुलीच्या अंगाला, मधे पाचटाचा कमरेएवढा आडोसा. एका वाकळेखाली तीन पोरं, आणि वाकळ आपल्याकडे ओढायची जी लढाई सुरू होते ती झोप लागल्यावरही थांबत नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा-शेपांची धुरी. बाळ वीस दिवसांचं. त्याची पाचवी पुजली त्याच रात्रीच्या पहाटे कंप झाला. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. "लिव्हून झालं आन् बयेनं हात झटाकला," आजी म्हणते. बारसं रीतसर झालंय, नाव पंचांगातून काढलंय, पण सगळं घर त्याला भूकंप्याच म्हणतं.

धाकट्याचं लग्न याच वैशाखातलं. नवरा गोठ्याकडे, बायको चुलीकडे, मधे सासू-सासरे, दीर, जावा आणि अकरा पोरं. पंधरा दिवस दोघांचं बोलणं विहिरीवर झालं तेवढंच. त्यावर धाकट्यानं काढलेली तोड तुम्हाला उद्या सकाळी दिसेल.

रात्री कधीतरी जाग येते. आधी बैल उठून उभे राहतात. मग खालून गुरगुर येते, लांबून जड गाडी यावी तशी, आणि मांडलेली भांडी एकमेकांवर किणकिणतात. झालं, संपलं, पाच-सहा श्वासांचं काम. कुणी ओरडत नाही. आजी उठते आणि अंधारात पांघरुणं चाचपत डोकी मोजायला लागते. तुमचंही डोकं मोजते. एक जास्त भरतं, म्हणून शिव्या घालत पहिल्यापासून मोजते. वर तिकांडं ऐन माथ्यावर आलंय. दशमी-एकादशीची चंद्रकोर उगवायला अजून वेळ आहे, आणि थंडी अशी की कंप थंडीचा की धरणीचा, हे थोडा वेळ ठरत नाही.

पहाटे चारलाच बायका उठतात. इतक्या लवकर का, हे विचारायची गरज पडत नाही. न्हाणीची भिंतही पडली आहे. उजाडायच्या आत अंघोळी उरकायच्या, अंधार आहे तोवर आडोसा आहे. गार वाऱ्यात चुलवणावरच्या हंड्यातून कढत पाणी घेऊन एकेक जण पाचटामागे जाते, दुसरी राखण करते. मग चूल. दोघी थापतात, एक भाजते, एक जाळ सारते. गावातल्या गिरणीची भिंत पडल्यानं अडगळीतली जाती बाहेर निघाली आहेत, आणि दळणाचं काम पाहुण्या लेकीसुनांनाही चुकत नाही. नानी लालबागला रेशनचा गहू चक्कीवर टाकते. इथं दोन पायली दळून तिच्या हाताला फोड आलाय, तो ती सगळ्यांना दाखवते आणि तरी थांबत नाही. चहा गुळाचाच. पोरं राखुंडीनं दात घासून शेकोटीभोवती कोंडाळं करतात, पुढून भाजतात, पाठ गारच.

ऊन चढलं की सगळी पोरं गुऱ्हाळाकडे धावतात. तुम्हीही जा. नदीकडच्या मळ्यात चरक फिरतोय, बैलांच्या मागं एक पोरगा झोपाळल्या आवाजात "हाऽऽ" करतोय. चिपाडं सुकायला पसरलीत. काहिलीत रस उकळतोय आणि गुळव्या तिच्या कडेला मांडी घालून बसलाय. रानभेंडीच्या ठेचलेल्या ताटांचं बुळबुळीत पाणी तो रसात सोडतो. जरा वेळानं काळपट मळी फेसाबरोबर वर येते, ती तो झाऱ्यानं हलकेच ओढून घेतो, पुन्हा पाणी सोडतो, पुन्हा ओढतो. रसाचा रंग तुमच्या डोळ्यांसमोर मातकट होता तो सोनेरी होत जातो. पाक आला की नाही हे तो गार पाण्यात थेंब टाकून, बोटात गोळी वळून बघतो. गोळी भांड्यावर मारतो. टण्ण वाजली की काहील उतरवायची, क्षणाचा उशीर चालत नाही. पोरांना केळीच्या पानावर काकवी मिळते, आणि पुढचा तासभर कुणाची बोटं सुटी होत नाहीत.

धाकटा इथंच आहे. रात्रीच्या आधणाला जाळ घालायला माणूस कमी पडतो म्हणून त्यानं आपणहून नाव दिलं, आणि त्याला भाकरी पोचवायला धाकटी येते. पोचवायला आलेली धाकटी परत जायला बराच वेळ घेते. आजीला हे कळत नाही असं दोघांना वाटतं.

दुपारी माजघराची भिंत उपसायचं काम चालू असतं. दगड एका बाजूला, पांढरी माती दुसऱ्या बाजूला, लाकूड सावलीत. मधले काका खोरं ओढतात तर कोनाड्याच्या मागच्या पोकळीतून एक पुरचुंडी घरंगळते. जुन्या लुगड्याच्या काठाची, दोन गाठी मारलेली. सोडली तर आत राजाछाप चांदीचे रुपये, चुरगाळलेल्या एकाच्या नोटा, चिल्लर, कानातली मोडकी फुलं. मधले मोठ्यानं मोजतात. सत्त्याऐंशी रुपये.

या घरात बाईच्या हातात पैसा नसतो. मीठमिरचीलाही आबांकडे मागावं लागतं. पण अंडी विकली जातात, तूप कढवताना वाटीभर बाजूला पडतं, भाऊबीजेला ताटात काही पडतं, आणि या सगळ्याचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो. कोनाडा, उतरंडीतलं खालून तिसरं मडकं, दाण्याची कणगी, ह्या त्यांच्या पेढ्या. 11 तारखेला उतरंड फुटली तेव्हाही म्हणे चिल्लर विखुरली होती, पण त्या धांदलीत जिची तिनं उचलली.

"कुनाचं हे?" बाजेवरून आबा विचारतात.

चौघी सुना चुलीपाशी. कुणी बोलत नाही. मधलीचा थापणारा हात थांबत नाही. भाकरी मोठी होत जाते, पातळ होत जाते, आणि मधोमध फाटते.

"माजं हाय," आजी म्हणते. "आना हिकडं." पुरचुंडी घेऊन ती कमरेला खोचते आणि कणगीचा तळ बघायला निघून जाते. आबा गाठींकडे बघत होते. आजी गाठ कशी मारते हे आबांना लग्नापासून ठाऊक आहे. ते एवढंच म्हणतात, "बरं."

संध्याकाळी गवंडी येतो, फक्कीची पाटी घेऊन. जुन्या पायावर बांधायचं की सरकवून, यावर आबा आणि नाना तासभर भांडतात. गवंड्याचं म्हणणं एवढंच, की दगडमातीची जाड भिंत पुन्हा नको आणि वरचं ओझं हलकं करा. शेवटी तो जमिनीवर पांढऱ्या रेघा ओढायला लागतो. हा सोपा. हे माजघर. हा जिना. पोरं लगेच रेघांच्या आत उभी राहून आपापल्या खोल्या वाटून घेतात आणि मारामारी सुरू होते.

"सैपाकघराचं सांगा," गवंडी विचारतो. "चुली किती धरायच्या?"

थोरले घसा खाकरतात. नाना ट्रान्झिस्टरचं बटण फिरवायला लागतात. मुंबईत राहून गावाकडच्या चुलीचा प्रश्न आपण काढला असं दिसायला नको, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट आहे.

"चार," मधली म्हणते.

चुलीपाशी, पाठमोरी, आवाज न चढवता. पण आता मधे भिंत नाही. आबांनी ऐकलं, गवंड्यानं ऐकलं, बाजेवरच्या बाळंतिणीनंही ऐकलं. मधले काका बायकोकडे असे बघतात, जणू तिला आज पहिल्यांदाच पाहिलं. गवंडी आबांकडे बघतो. आबा आजीकडे.

आजी पावटे सोलते आहे. टोपलीतून मान वर न करता ती म्हणते, "पाच धर. माजी येगळी."

"आन् म्या कुटं जेवायचं?" आबा विचारतात.

"बगू," आजी म्हणते.