दोन फडके आणि एक न विचारलेला प्रश्न

१/
मूल न होणाऱ्या स्त्रीसाठी मराठीत ‘वांझ’, ‘वांझोटी’ असे शब्द पिढ्यान्‌पिढ्या तयार आहेत. मूल न होणाऱ्या पुरुषासाठी रोजच्या बोलण्यातला शब्द आठवून पाहा. ‘नपुंसक’ आठवेल, पण तो शब्द संभोगाच्या असमर्थतेविषयी आहे, वंध्यत्वाविषयी नाही. शरीरसंबंधात कोणतीही अडचण नसलेला पुरुषही वंध्य असू शकतो.

२/
भाषेतल्या या रिकाम्या जागेमागे मोठा इतिहास आहे. पुरुषाच्या प्रजननशक्तीकडे वैद्यकशास्त्राने केव्हा पाहिले, कशासाठी पाहिले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा काय? या कथेत दोन फडके आहेत: एक कोल्हापूरचे प्राध्यापक, दुसरे मुंबईचे शल्यविशारद. आडनाव एक, दोघांचे प्रश्न मात्र जवळजवळ परस्परविरोधी. 🧵

३/
आरंभ जुन्या ग्रंथांपासून करू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत: बीजोपघात, ध्वजभंग, जरासंभव आणि शुक्रक्षय. म्हणजे बीज बिघडणे निराळे आणि शिश्नाला ताठरता न येणे निराळे, हा भेद तिथे स्पष्ट आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानातही गर्भधारणेचा विचार शुक्राच्या दोषांपासून सुरू होतो.

४/
अर्थात त्या काळी शुक्राणू कोणी पाहिलेला नव्हता. तो दिसला १६७७ साली, हॉलंडमधील डेल्फ्ट येथे. कापडाचा व्यापारी असलेल्या लेवेनहुकने स्वतः घासलेल्या भिंगाखाली वळवळणारे सूक्ष्म जीव पाहिले. तरीही वीर्यातील शुक्राणू मोजून पुरुषाच्या जननक्षमतेचा अंदाज बांधण्याची पद्धत रुळायला विसावे शतक उजाडावे लागले.

५/
दरम्यान संशोधनाचा ओढा दुसरीकडेच होता: गेलेले तारुण्य परत आणण्याकडे. १८८९ साली ७२ वर्षांच्या ब्राउन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि नवी शक्ती आल्याचे पॅरिसच्या विद्वत्सभेत जाहीर केले. तो बहुधा मनाचा खेळ होता. मात्र त्या कुतूहलातूनच पुढे संप्रेरकांचा अभ्यास वाढला आणि १९३५ साली टेस्टोस्टेरॉन हाती लागले.

६/
व्हिएन्नाच्या ऑयगेन श्टाइनाखचा दावा आणखी धाडसी होता. शुक्रवाहिनी बांधली की वृषणातील संप्रेरक वाढते आणि वार्धक्य मागे हटते, असे तो म्हणे. १९२३ साली सिग्मंड फ्रॉइडने आणि १९३४ साली कवी येट्सने ही शस्त्रक्रिया करून घेतली. आज जिला आपण नसबंदी म्हणतो, तीच शस्त्रक्रिया; फक्त हेतू तारुण्याचा!

७/
याच शस्त्रक्रियेचा दुसरा उगम अधिक काळा आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात हॅरी शार्प नावाच्या तुरुंग-डॉक्टरने १८९९ पासून कैद्यांवर ती सुरू केली. ‘अयोग्य’ माणसांची संतती जन्मू नये, हा त्यामागचा विचार. १९०७ साली त्याच राज्याने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा जगातील पहिला कायदा केला. या विचाराला इंग्रजीत ‘युजेनिक्स’ आणि मराठीत ‘सुप्रजाजनन’ म्हणत.

८/
आता कोल्हापूर. १९२०च्या दशकात राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे ना. सी. फडके पुढे कादंबरीकार म्हणून घरोघरी पोहोचले, १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण १९२७ साली त्यांचे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले होते: ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’. प्रस्तावना कोणाची? संततिनियमनाच्या चळवळीची जगप्रसिद्ध अग्रणी मार्गारेट सँगर हिची.

९/
संस्थानी कोल्हापुरातला तिशीतला प्राध्यापक कामजीवन, विवाह आणि संततिनियमन यांवर उघडपणे लिहितो, हे त्या काळी मोठेच धैर्य होते. त्याचे श्रेय फडक्यांना दिलेच पाहिजे. परंतु त्या पुस्तकाचा कणा सुप्रजाजननाचा होता. राष्ट्र बलवान व्हावे म्हणून संतती ‘चांगली’ हवी. आणि प्राचीन आर्यांच्या विवाहनियमांतही हीच दृष्टी होती, अशी त्यांची मांडणी.

१०/
या मांडणीत पुरुष दिसतो तो वंशाचा वाहक म्हणून. त्याचे भय, त्याचा आजार, त्याची लाज यांना तिथे फारशी जागा नाही. ‘मुले किती आणि कोणाला व्हावीत?’ हा राष्ट्राचा प्रश्न झाला. ‘मला काय होते आहे?’ हा एका माणसाचा प्रश्न विचारायला निराळी जागा लागणार होती.

११/
ती जागा त्याच वर्षी निर्माण झाली. १५ जुलै १९२७ रोजी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातली नोकरी गमावूनही ते मागे हटले नाहीत. मासिक त्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले.

१२/
‘समाजस्वास्थ्य’कडे येणारी वाचकांची पत्रे हा इतिहासाभ्यासकांसाठी खजिनाच आहे. पत्रलेखकांत मोठा भरणा तरुण, शिकलेल्या पुरुषांचा. त्यांच्या चिंता कोणत्या? हस्तमैथुनाने शरीर खंगेल का? स्वप्नदोषाने आयुष्य घटेल का? इंद्रिय लहान आहे, लग्न करावे का? बाहेरून मर्दानी दिसणारा समाज आतून किती घाबरलेला होता, हे त्या पत्रांत दिसते.

१३/
या भीतीला खतपाणी घालणारे साहित्य तेव्हा मुबलक होते. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे अनेक थेंब, वीर्यनाश म्हणजे मरण, असा उपदेश आखाड्यापासून शाळेपर्यंत चाले. पुढे १९६०च्या सुमारास मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी वीर्यनाशाच्या भीतीतून येणाऱ्या थकवा, उदासी, अंगदुखी अशा लक्षणांना ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. आजार खरा, कारण कल्पित.

१४/
कर्वे अशा पत्रांना कोरड्या, स्पष्ट भाषेत उत्तरे देत: हस्तमैथुनाने अपाय होत नाही, भिऊ नका. या उत्तरांचीच किंमत त्यांना मोजावी लागली. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला उभा राहिला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१५/
बाबासाहेबांचा मुद्दा साधा होता. मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य आहे, वाचक त्याबद्दल विचारतात, मग उत्तर देणे अश्लील कसे? न्यायालयाला ते पटले नाही, कर्व्यांना दंड झाला. पण एका पुरुषाने आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारणे हा त्याचा अधिकार आहे, ही भूमिका भारतीय न्यायालयात मांडली गेली ती इथे.

१६/
त्याच १९३४ साली मुंबईतून डॉ. ए. पी. पिल्ले यांनी ‘मॅरेज हायजीन’ हे इंग्रजी नियतकालिक काढले. १९४७ पासून त्यांचेच ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’ निघू लागले. जगभरचे संशोधक त्यात लिहीत. ‘जी-स्पॉट’ या नावामागे असलेला ग्रेफेनबर्गचा १९५० सालचा लेख याच नियतकालिकात छापला गेला. लैंगिकविज्ञानाचे एक जागतिक केंद्र काही वर्षे मुंबईत होते!

१७/
इकडे वीर्यतपासणीला आकड्यांचा आधार मिळत होता. १९५१ साली अमेरिकेत मॅक्लिऑड आणि गोल्ड यांनी संतती असलेल्या १००० आणि वंध्य दांपत्यांतील १००० पुरुषांची तुलना केली. दर मिलिलिटरला २ कोटी शुक्राणू ही सीमारेषा त्यातून पुढे आली. आता ‘दोष कोणाचा’ याचे उत्तर सासूने द्यायचे नव्हते. ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसणार होते.

१८/
आता दुसरे फडके. स्वतंत्र भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. पुरुष नसबंदी सोपी, स्वस्त, काही मिनिटांची. त्यामुळे १९६०च्या दशकात तिच्यावर भर आला. मुंबईत महापालिकेचे डॉ. दत्ता पै यांनी रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे उघडली. लोकल पकडायला आलेला माणूस शस्त्रक्रिया करून घरी जाऊ लागला.

१९/
पण नसबंदीनंतर मूल दगावले तर? हा प्रश्न काल्पनिक नव्हता. १९७१ सालीही देशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वर्षाच्या आत मरत. अशा बापाला ‘आता काही होणार नाही’ एवढेच उत्तर होते. कापलेली शुक्रवाहिनी पुन्हा जोडायची, तर तिच्या आतली वाट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास!

२०/
मुंबईचे डॉ. ग. म. फडके यांनी नेमके हेच काम हाती घेतले. अमेरिकेत १९४८ साली ओकोनर यांनी मूत्रविकार शल्यविशारदांची पाहणी केली होती. तीत अशा ४२० जोडण्यांत यशाचे प्रमाण जेमतेम ३५ ते ४० टक्के होते. १९६७ साली ग. म. आणि अ. गो. फडके यांनी ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला: ७६ रुग्ण, ८३ टक्क्यांत शुक्राणू परतले, ५५ टक्क्यांत गर्भधारणा झाली.

२१/
सूक्ष्मदर्शकाखाली ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ झाली ती १९७०च्या दशकात. म्हणजे हे यश त्याआधीचे. शुक्रवाहिनी पुन्हा जोडण्याच्या जागतिक इतिहासात त्या ७६ रुग्णांचे आकडे पुढे कित्येक वर्षे उद्धृत होत राहिले. कोल्हापूरच्या फडक्यांचा प्रश्न होता: राष्ट्रासाठी संतती कशी असावी? मुंबईच्या फडक्यांपुढे बसलेल्या माणसाचा प्रश्न होता: माझे मूल गेले, मला पुन्हा बाप होता येईल का?

२२/
दुर्दैवाने १९७६ साली पहिल्याच प्रश्नाची सरशी झाली, तीही सर्वांत क्रूर रूपात. आणीबाणीत नसबंदी हे उद्दिष्टांचे, आकड्यांचे काम झाले. बार्शीत सक्तीची मोहीम राबवली गेली. तीन हयात अपत्यांनंतर निर्बीजीकरण सक्तीचे करणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही, एवढेच.

२३/
१९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली. सरकार पडले आणि पुढच्याच वर्षी हा आकडा दोन लाखांच्याही खाली आला. विश्वास एकदा तुटला तो तुटलाच. मग कार्यक्रमाने मोहरा वळवला तो स्त्रियांकडे, कारण त्या विरोध करण्याच्या स्थितीत कमी होत्या.

२४/
परिणाम? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी जोखमीची. १९७४ साली चीनच्या ली शुनच्यांग यांनी शोधलेल्या पद्धतीत तर सुरीचा छेदही लागत नाही. शास्त्र पुढे गेले. भीती १९७६ मध्येच थांबली.

२५/
वंध्यत्वाचेही तेच. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा सहभाग असतो. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, स्वस्त, वेदनारहित चाचणी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० सालीच तिची मार्गदर्शक पुस्तिका काढली. तरीही आपल्याकडे आधी सून दवाखान्यात जाते, नवस बोलते, उपास करते, आणि मुलाची तपासणी होते ती शेवटी. झालीच तर.

२६/
या इतिहासाला म्हणूनच दोन धडे आहेत आणि ते वेगळे करता येत नाहीत. पुरुषाचे शरीर तपासणीबाहेर ठेवले, की दोष स्त्रीच्या माथी जातो. आणि पुरुषाचे शरीर त्याच्या संमतीवाचून राष्ट्राच्या हिशेबात धरले, की तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. त्याचे ओझेही अखेर स्त्रीच वाहते.

२७/
कोल्हापुरात राजाराम कॉलेजचे नाव निघाले की ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांविषयी आपण भरभरून बोलतो. १९२७चे ते पुस्तकही वाचावे, टीकेसह वाचावे. आणि त्याच्या शेजारी ‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक ठेवावेत. घरातल्या आजोबांच्या पेटीत एखादा अंक असेल, तर रद्दीत घालू नका. त्यात कुणा वाचकाने भीतभीत विचारलेला प्रश्न असेल, आणि त्याला मिळालेले सरळ उत्तरही.