दोन तारखा

घराच्या खरेदीवरचे दर बदलणार अशी कुणकुण लागली की लोक पहिल्यांदा विचारतात, "टोकन दिलंय, म्हणजे जुनाच दर लागेल ना?" नाही लागत. का, ते समजायला थोडं मागे जाऊ.

स्टॅम्प ड्युटी घरावर नसते, कागदावर असते. १६२४ साली हॉलंडने ही युक्ती काढली. १६९४ मध्ये इंग्लंडने ती उचलली. १७६५ मध्ये ती अमेरिकन वसाहतींवर लादली, तर असा भडका उडाला की पुढच्याच वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. आपल्याकडे कंपनी सरकारने १७९७ मध्ये बंगालपासून सुरुवात केली. १८९९ चा भारतीय मुद्रांक कायदा अजून चालू आहे. म्हैसूर राज्याने १९५७ मध्ये आणि मुंबई राज्याने १९५८ मध्ये आपापले कायदे केले, पण साचा तोच.

त्या साच्यातली खुबी अशी. मुद्रांक शुल्क जोडलेलं आहे सहीच्या दिवसाशी. नोंदणी फी मात्र १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ८० प्रमाणे, दस्त सब-रजिस्ट्रारपुढे हजर कराल तेव्हा द्यायची. सहीपासून दस्त हजर करायला साधारण चार महिने मिळतात. दोन पैसे, दोन तारखा.

२०२० मध्ये महाराष्ट्राला याचा फायदा झाला. कोविडमुळे घरं पडून होती. सरकारने १ सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणलं, ३१ डिसेंबरपर्यंत. पुढे मार्चअखेरपर्यंत तीन टक्के. साठ लाखांच्या फ्लॅटला एक लाख ऐंशी हजारांची बचत! डिसेंबरात नोंदणी कार्यालयांत झुंबड उडाली. तेव्हा सरकारने सांगितलं, शुल्क भरून सह्या ३१ डिसेंबरच्या आत करा, नोंदणीला चार महिने आहेत. ज्यांना हे कळलं त्यांनी घरी शांतपणे जेवण केलं.

आता आपल्या गोकुलमकडे. ३१ ऑगस्ट २०२५ पासून कर्नाटकात नोंदणी फी एक टक्क्यावरून दोन टक्के झाली. लोकांना तयारीला जेमतेम काही दिवस मिळाले. इथे चार महिन्यांची सवलत कामाची नाही, कारण वाढली ती फी, आणि फीची तारीख सहीची नसते. साठ लाखांच्या घराला साठ हजार जास्त.

पुण्याहून इकडे आलेल्यांची आणखी एक गफलत होते. तिकडे बिल्डरच्या करारनाम्यावरच पूर्ण शुल्क भरून नोंदणी होते, त्यामुळे दर तिथेच पक्का. इथे ताबा न देता केलेल्या साठेखतावर किरकोळ शुल्क लागतं, मुख्य शुल्क खरेदीखतावर. साठेखत कितीही जुनं असो, त्याने जुना दर मिळत नाही.

म्हणून साठेखत करतानाच वाढलेला भार कोण उचलणार ते त्यात लिहून घ्या. बोलीतल्या किमतीबरोबर सरकारी मार्गदर्शक मूल्यही बघा, दोन्हींत जे जास्त त्यावर आकारणी होते. आणि ही रक्कम बँकेच्या कर्जात धरू नका, बहुतेक वेळा ती खिशातूनच जाते. आधीच्या दस्तांच्या प्रती आणि ताजा भाररहित दाखला हाताशी असेल तर बातमी आली त्याच आठवड्यात वेळ मागता येते. कागद गोळा करण्यातच दिवस जातात, रांगेत तेवढे जात नाहीत.

पुढच्या भागात मार्गदर्शक मूल्य कसं ठरतं ते बघू.