ताण आणि लाकूड

परप्रांतात बदलीवर असणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सामानात पूर्वी हार्मोनियम किंवा तंबोरा असे. आता त्यांच्या जोडीला मुलामुलींची गिटार आली आहे. हे वाद्य दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यातून कलकत्त्याच्या दमट पावसाळ्यात, तेथून आणखी कोठे, असे आपल्याबरोबर फिरते. वर्षा-दोन वर्षांत तारा गंजतात, दांडी किंचित वाकते, सूर बोटाखाली दबेनासा होतो, आणि वाद्य बिघडले असे समजून ते कपाटावर चढविले जाते. वस्तुतः ते बिघडलेले नसते. त्याची निगा राखलेली नसते, एवढेच. ही निगा कशी राखावी हे नवशिक्याला कळण्यास इतिहासासारखा दुसरा शिक्षक नाही, असे आम्हांस वाटते. कारण गिटारचा इतिहास हा मुख्यतः तारेचा ताण आणि लाकडाची ताकद यांच्या झगड्याचा इतिहास आहे, आणि दुरुस्तीचे प्रत्येक काम म्हणजे त्या झगड्यातील एकेक तह होय.

सहा एकेरी तारांची गिटार अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रूढ झाली. तिच्या तारा जनावरांच्या आतड्याच्या असत. तिला आजचे रूप दिले ते स्पेनमधील आल्मेरियाच्या अंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या सुताराने. त्याने तबली मोठी व पातळ केली आणि तिच्या आतल्या बाजूस पंख्याच्या काड्यांसारख्या सात पट्ट्या बसविल्या. स्वर तबलीतूनच निघतो हे सिद्ध करण्यासाठी १८६२ मध्ये त्याने पाठ व बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केलेली एक गिटार घडविली. नवशिक्याने यातून पहिला धडा घ्यावा तो असा, की वाद्याचा प्राण त्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या फळीत आहे. तिच्यावर वजन ठेवू नये, आणि घोडीच्या मागे ती फुगू लागली आहे काय, हे अधूनमधून डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावे.

याच सुमारास दुसरी धारा जर्मनीतून अमेरिकेकडे वाहत होती. सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्खेन या गावी व्हायोलिन घडविणाऱ्यांचा आणि लाकडी सामान करणाऱ्या सुतारांचा असे दोन संघ होते. गिटार करण्याचा अधिकार कोणाचा, यावरून १८२६ मध्ये आणि पुन्हा १८३२ मध्ये त्यांच्यात तंटा झाला. अर्ज झाले, प्रतिअर्ज झाले. आमच्यासारख्या कागदांत आयुष्य घालविणाऱ्यांना हे प्रकरण अगदी परिचयाचे वाटेल! या सुतारांपैकीच एक ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन १८३३ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि पुढे पेनसिल्व्हानियातील नाझरेथ येथे स्थायिक झाला. त्याच्या कारखान्यात १८४० नंतरच्या दशकात तबलीखाली फुलीच्या आकाराच्या पट्ट्या बसविण्याची पद्धत आली. ही फुली आतड्याच्या तारांसाठी होती; पण पुढे पोलादी तारा आल्या तेव्हा त्यांचा जबर ताण तिनेच पेलला.

आतड्याच्या तारा दमट हवेत सैल पडत व लवकर तुटत. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेतील टाक्यांसाठी आतड्याचा धागा लागू लागला आणि तारांचा तुटवडा पडला. तेव्हा न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टिन या कारागिराने नायलॉनच्या तारा तयार केल्या, आणि थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया याने त्या पत्करल्या. तेव्हापासून दोन घराणी स्पष्ट झाली. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे चाळीस किलो, पोलादी तारांचा सत्तर किलो किंवा त्याहूनही अधिक. म्हणून नायलॉनच्या गिटारला पोलादी तारा कधीही चढवू नयेत. घोडी उखडते, तबली फाटते. ‘तार ती तार’ या समजुतीने आजवर कितीतरी चांगली वाद्ये मोडीत निघाली आहेत.

पोलादी तारांनी दांडीही वाकू लागली. त्यावर उपाय शोधला तो अमेरिकेतील कॅलमझू येथील गिब्सन कारखान्याच्या थॅडियस मॅकह्यू याने. दांडीच्या पोटात एक पोलादी सळई घालून ती टोकाच्या चक्रीने आवळण्याची ही युक्ती. तिचे पेटंट १९२३ चे. तारेला पहिल्या पडद्यावर आणि दांडी जेथे धडाला मिळते तेथे एकाच वेळी दाबले, तर मध्यभागी तार व पडदा यांत जाड कागद सरकेल एवढीच फट दिसावी. ती फार मोठी असेल तर चक्री उजवीकडे फिरवावी. पण एका वेळी पाव फेराच, आणि मग वाद्याला दिवसभर विश्रांती द्यावी. चक्री अडली तर तेथेच थांबून कारागिराकडे जावे. कोठे थांबावे हे कळणे हीदेखील विद्याच आहे.

नित्याची कामे याहून साधी आहेत. वादनानंतर कोरड्या सुती फडक्याने तारा पुसाव्यात, कारण हाताचा घामच त्यांना गंजवितो. तारा बदलताना एकेक बदलावी. खुंटी पिळताना वरच्या पट्टीच्या खाचेत तार करकरत असेल, तर खाचेत शिसपेन्सिलीची भुकटी घासावी. स्वयंपाकघरातले तेल लाकडाला लावू नये. ते चिकटते आणि मळ धरते. हवेतील आर्द्रता शेकडा ४५ ते ५५ असावी. कोरड्या मुलखात पेटीत, भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत, ओला करून घट्ट पिळलेला स्पंजाचा तुकडा ठेवावा. दमट मुलखात ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या ठेवाव्यात.

या निगेला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या डोंगरांशी जोडलेले आहे. पूर्वी उत्तम गिटारची पाठ ब्राझीलच्या शिसवीची असे. ते लाकूड दुर्मिळ झाल्यावर १९६९ मध्ये मार्टिनच्या कारखान्याने आपल्या भारतीय शिसवीकडे मोर्चा वळविला. जी शिसवी आपल्या आजोबांच्या पलंगाला व झोपाळ्याला होती, तीच अशा रीतीने जगभरच्या वादकांच्या छातीशी जाऊन बसली. पण तोडीचा वेग इतका वाढला, की २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या जातीतील सर्वच लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या अखेरीस.

एक शिसव वाढण्यास कित्येक पिढ्या लागतात, आणि तिची फळी वाळून, घडून, सुरात येण्यास आणखी वर्षे. असे वाद्य दहा रुपयांच्या फडक्याअभावी आणि पाव फेऱ्याच्या ज्ञानाअभावी कपाटावर मरू द्यावे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. मार्कनॉयकिर्खेनच्या संघांनी भांडावे ते गिटार घडविण्याच्या हक्कासाठी. ती जपण्याच्या हक्कासाठी मात्र कोणाकडेही अर्ज करावा लागत नाही.