एकच दार, अनेक नकाशे

आमगावसारख्या गावी शाळेची इमारत बांधायची म्हणजे आधी नकाशा आला. दारे वीसेक, खिडक्या त्याहून अधिक. टी-स्क्वेअरच्या काळातही ड्राफ्ट्समन प्रत्येक चिन्ह नव्याने रचत बसत नसे. प्लॅस्टिकच्या टेम्प्लेटमधून ते उमटवी. संगणकाने हीच युक्ती उचलली आणि त्याबरोबर एक पेचही आला. पुन्हा पुन्हा वापरायचा हा घटक साधा ठेवावा, की हुशार?

हा पेच संगणकीय रेखनाइतकाच जुना आहे. 1963 साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. टीएक्स-2 या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढायची, अशी ती योजना. मूळ आकृती एकच, बाकीच्या तिच्या प्रती. प्रत्येक प्रतीसाठी चारच संख्या साठवायच्या: दोन जागेच्या, आणि आकारमान व वळण मिळून दोन. मूळ षटकोन बदलला की त्याच्या शेकडो प्रती आपोआप बदलत. मात्र प्रत वाकवता येत नसे. त्यासाठी सदरलँड यांनी निराळी सोय ठेवली होती: रेषांबरोबर त्यांच्यावरील अटींचीही (या दोन समांतर, त्या दोन सारख्या लांबीच्या) नक्कल करायची.

1982 साली आलेल्या ऑटोकॅडमध्ये अशा घटकाला ‘ब्लॉक’ म्हणतात. आता आपल्या शाळेकडे वळू. दारे तीन रुंदींची: 90, 100 आणि 120 सेंटिमीटर. डावे-उजवे आणि आत-बाहेर उघडणारे धरले तर प्रकार बारा होतात. पण आरशातील प्रतिमा घेतली की तीनच उरतात! मग 90चेच दार ताणून 120चे का करू नये? आडवे ताणले की 10 सेंटिमीटरची चौकट 13हून जाड होते, पाव वर्तुळ लंबवर्तुळाकार होते, आणि उघडे दार 90चेच राहते. बंद करायला गेले तर फट उरेल.

यावर ऑटोकॅड 2006मध्ये ‘डायनॅमिक ब्लॉक’ आला. एकच दार, पण रुंदी बदलली तरी चौकट तेवढीच राहते. सोय मोठी, यात शंका नाही. परंतु असे दार बदलले की संगणक त्या रूपासाठी पडद्याआड एक निनावी ब्लॉक तयार करतो. नकाशा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेला की पुष्कळदा तेवढेच उरते: चित्र ठीक, पण नाव जाऊन तिथे तारका, ‘यू’ आणि एक आकडा. नागपुरात काढलेल्या नकाशावरून आमगावात सुताराला किती दारांची ऑर्डर द्यायची, हे मग बोटाने मोजावे लागते.

म्हणून आम्ही तीन मापांसाठी तीन साधे ब्लॉकच पसंत करू. खिडक्यांची मापे पंधरा-वीस असतील आणि सर्वांचे सॉफ्टवेअर एकच असेल, तर गोष्ट वेगळी.

वर्गात हे संगणकाविनाही दाखवता येते. आलेख-कागदावर पाव वर्तुळासह दार काढा, आडवी मापे चार-तृतीयांश करा, उभी तशीच ठेवा, आणि मुलांना ते दार बंद करायला सांगा.