फॅटी लिव्हर यकृताचे, काळजी हृदयाची

पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या यकृतात चरबी साठल्याचे आढळले, की पालकांचे सारे लक्ष यकृताकडे लागते. प्रत्यक्षात ही सूचना हृदयासाठीही असते. फॅटी लिव्हर असलेल्या प्रौढांमध्ये मृत्यूचे प्रमुख कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देईनासे झाले, की यकृतात चरबी साठते, रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढतात आणि उपकारक एचडीएल कोलेस्टेरॉल घटते. रक्तदाबही चढू लागतो. भारतात २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात करण्यात आला.

मूल लठ्ठ दिसत नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता; शरीरातील चरबी मात्र याज्ञिक यांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के! म्हणूनच वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजावा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी असणे चांगले.

तेरा वर्षांपुढील मुलांचा रक्तदाब १२०/८० पेक्षा कमी असावा. निरनिराळ्या तीन भेटींत तो १३०/८० किंवा अधिक भरल्यास उच्च रक्तदाब समजतात. दंडाच्या मापाचा पट्टा न वापरल्यास आकडा चुकतो. दर डेसिलिटर रक्तात ट्रायग्लिसराइड ९० मिलिग्रॅमपेक्षा कमी, एलडीएल ११० पेक्षा कमी आणि एचडीएल ४५ पेक्षा जास्त असणे इष्ट. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ५.७ टक्क्यांच्या खाली हवे. प्रत्येक मुलाला टूडी इकोची गरज नसते. रक्तदाब उच्च असल्यास हृदयाची भिंत जाड झाली आहे का, हे त्यातून पाहतात.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याचे गुणपत्रकच तयार केले. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल व रक्तशर्करा यांच्या जोडीला आहार, व्यायाम, झोप आणि तंबाखूपासून दूर राहणे अशा आठ बाबींना प्रत्येकी १०० गुण आहेत. सरासरी ८० किंवा अधिक असल्यास आरोग्य उत्तम, ५० च्या खाली असल्यास चिंताजनक.

या आठांपैकी चार गोष्टी घरच्याच हाती आहेत. किशोरवयीनांना रोज ६० मिनिटे व्यायाम आणि ८ ते १० तास झोप आवश्यक असते. साखरयुक्त शीतपेये टाळणे यकृताच्याही हिताचे. ठाण्यातील कोलशेतसारख्या भागात जुन्या कारखान्यांच्या जागी गगनचुंबी संकुले उभी राहिली आणि मुलांचा दिवस शाळा, शिकवणी व मोबाइल यांत वाटला गेला. याच कोलशेतमध्ये २०२४ मध्ये सुमारे २० एकरांचे ग्रँड सेंट्रल पार्क खुले झाले. तिथे किंवा संकुलाच्या आवारात रोज तासभर धावणे-खेळणे घडले, तर पुढच्या तपासणीतील आकडे सुधारण्यास मोठी मदत होते. यकृतातील ही चरबी वेळीच लक्ष दिल्यास कमी होऊ शकते.